निन्जा गायडेन: रेजबाउंड – उडी अफलातून, बक्षिसं पोकळ

पिक्सेलपाखरू (धागाकर्ता):

'रेजबाउंड' आधी साध्या स्तरावर संपवला, मग अवघड स्तरावर. आता सविस्तर लिहितो. ३१ जुलै २०२५ ला गेम आल्यापासून त्याच्याबद्दल जे वाचतोय त्यात दोनच सूर दिसतात. एक, 'जुने दिवस आठवले'. दुसरा, 'जुन्याइतका छळत नाही'. दोन्ही खेळणाऱ्याच्या मनाविषयी आहेत, गेमच्या बांधणीविषयी कुणी फारसं बोलत नाही. मला बांधणीवर बोलायचंय, कारण तिथे हा गेम कमालीचा हुशार आहे. आणि काही ठिकाणी तिथेच त्याने स्वतःच्या कल्पनेची साथ सोडली आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. स्टुडिओ 'द गेम किचन', स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला, २०१९ च्या 'ब्लास्फेमस'वाला. प्रकाशक डोटेमू. मालिका मूळची टेक्मोची, आता कोएई टेक्मोकडे. एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम-यंत्रावरचा पहिला 'निन्जा गायडेन' जपानात १९८८ मध्ये आणि अमेरिकेत १९८९ मध्ये आला. त्यात वडिलांचं पत्र वाचून र्‍यू हायाबुसा अमेरिकेला निघतो. 'रेजबाउंड' विचारतो की तो गेल्यावर मागे गावात काय झालं. राक्षसांच्या दुनियेची भिंत फुटते आणि र्‍यूचा शिष्य केन्जी मोझू एकटा पडतो. त्याला साथ मिळते ती शत्रू कुळातल्या कुमोरीची. द्विमितीय, पिक्सेल आर्ट, डावीकडून उजवीकडे, तलवार आणि उडी. कथा एवढी पुरे, गेमही तिच्यात फार रेंगाळत नाही आणि ते योग्यच आहे.

आता मुद्दा. या गेमचा जीव 'गिलोटिन बूस्ट'मध्ये आहे. हवेत असताना शत्रूजवळ पुन्हा उडीचं बटण दाबलं की केन्जी गिरकी घेऊन त्याच्यावर घाव घालतो आणि त्याच धक्क्याने वर उसळतो. शत्रूच नाही, त्याने फेकलेल्या अस्त्रावरूनही उसळता येतं. सांगायला ही साधी चाल आहे. पण ती आली की पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो.

जुन्या गेममधले पक्षी आठवा. खड्डा आला की नेमका उडीच्या वाटेत पक्षी यायचा, धडकायचा, आणि मागे फेकले जाऊन आपण खड्ड्यात. 'रेजबाउंड'मध्ये खड्डा तोच आणि वर उडणारा राक्षसही तसाच, पण आता तो राक्षसच पूल आहे. त्याच्यावरून उसळलात तरच पलीकडे जाल. जुनी मांडणी तशीच ठेवून तिचा अर्थ उलटा केला. नॉस्टॅल्जिया म्हणून जुन्या गोष्टी जशाच्या तशा चिकटवणारे गेम आपण पुष्कळ पाहिले. इथे कुणीतरी बसून विचार केलाय की ती गोष्ट तेव्हा का त्रास द्यायची, आणि त्या त्रासातून आज काय घडवता येईल.

दुसरी कल्पना हायपरचार्जची. काही शत्रूंभोवती रंगीत वलय असतं. निळं असेल तर तलवारीने मारायचं, गुलाबी असेल तर कुमोरीच्या कुनाईने, म्हणजे फेकायच्या सुरीने. बरोबर शस्त्राने मारलं की पुढचा एक घाव प्रचंड ताकदीचा होतो, बहुतेक शत्रू त्यात एका फटक्यात जातात. म्हणून वलयवाल्या किरकोळ शत्रूच्या मागोमाग कुणीतरी ढालवाला आडदांड येतो. आधी याला, मग त्याला. मध्ये भलत्यावरच घाव वाया गेला तर तो आडदांड पाच-सहा फटके खातो आणि तोवर मागून आणखी दोघं येतात. म्हणजे धावता धावता क्रम वाचायचा असतो. चांगल्या लेव्हलमध्ये हे वाचन इतकं सुरळीत होतं की थांबावंच लागत नाही: उडी, उसळी, कुनाई, घाव, पुन्हा उसळी. लेव्हल तयार करणाऱ्याने प्रत्येक शत्रू तबल्याच्या बोलासारखा ठरल्या मात्रेवर ठेवलाय, एक चुकला की सम हुकते.

आणि म्हणूनच या गेमचे दोष जास्त टोचतात.

पहिला दोष म्हणजे बंद आखाडे. मस्त धावत असतो आणि मध्येच पडदा थांबतो. दोन्ही बाजूंनी शत्रूंच्या लाटा येतात, सगळे मेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शत्रू कुठे उभा आहे, जमीन कशी आहे, खड्डा कुठे आहे या नात्यावर गेमचं सगळं सौंदर्य उभं आहे. सपाट आखाड्यात ते नातंच नाहीसं होतं आणि उरतं नुसतं बटण बडवणं. मोठ्या त्रिमितीय हॅक अँड स्लॅशमध्ये आखाडा चालतो, कारण तिथे चालींचा साठा मोठा असतो. इथे तलवारीचा मुख्य घाव एकच आहे. त्याची मजा जागेमुळे येते, जागा काढून घेतली की तो उघडा पडतो.

दुसरा, पडद्यावरची गर्दी. पिक्सेल आर्ट देखणी आहे यात वाद नाही. पण शेवटच्या भागातल्या काही लेव्हलमध्ये पार्श्वभूमी लालभडक, शत्रू लाल-जांभळे, स्फोट नारिंगी, आणि वर पुढच्या थरातल्या सजावटीच्या वस्तू अर्धा पडदा झाकत सरकतात. ज्या गेमचं सगळं गणित एका नजरेत शत्रू आणि वलयाचा रंग ओळखण्यावर आहे, त्याने रंगांच्या बाबतीत इतकं सढळ असू नये.

तिसरा माझ्या मते सर्वांत मोठा: बक्षिसं. लेव्हलमध्ये सोनेरी भुंगे लपवलेत. ते शोधायला आडवाटेला जावं लागतं, आणि गुप्त जागा मेहनतीने बनवल्यात. ते खर्च करायचे मुरामासा नावाच्या दुकानदाराकडे, ताईतांवर, म्हणजे लावल्यावर खेळात बदल करणाऱ्या वस्तूंवर. पण बरेचसे ताईत असे की ते लावले काय नि न लावले काय, हातात फरक जाणवत नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीनंतर भुंगा दिसला की आनंद होण्याऐवजी 'आता वेग सोडून तिकडे जायचं का' असा प्रश्न पडतो. धावण्यासाठी बनवलेल्या गेमने थांबायला सांगितलं, तर थांबण्याचं मोल तितकंच मोठं हवं.

कुमोरीच्या राक्षसी दुनियेतल्या वेळ लावलेल्या तुकड्यांबद्दल आणि वाहनांवरच्या टप्प्यांबद्दलही मतं आहेत, पण तुमची मतं आधी वाचतो.


बारावा_बॉस:

लेख आवडला. आखाड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. बॉसबद्दल काहीच कसं लिहिलं नाहीत? माझ्या दृष्टीने तीच या गेमची सर्वांत भक्कम बाजू आहे. रात्री पुन्हा येऊन लिहितो.


जुना_खेळाडू:

पाखरू, उडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. पण 'जुन्याइतका छळत नाही' या तक्रारीला तुम्ही मनाची गोष्ट म्हणून बाजूला सारलंत, ते पटलं नाही. तीही बांधणीचीच गोष्ट आहे.

१९८८ च्या गेममध्ये ६-२ (सहाव्या भागातला दुसरा) हा टप्पा ज्यांनी खेळलाय त्यांना विचारा. आणि त्याच्याही पुढे जाऊन शेवटच्या बॉसकडे हरलात तर थेट ६-१ ला परत. कंटिन्यू हवे तेवढे होते, त्यामुळे गेम तुम्हाला बाहेर काढत नव्हता. तो फक्त सांगायचा की मधला सगळा रस्ता पुन्हा चाला. त्या शिक्षेमुळे काय व्हायचं? ६-१, ६-२, ६-३ मधला प्रत्येक शत्रू अंगवळणी पडायचा. आठव्या-दहाव्या फेरीला तुम्ही तोच ६-२ असा पार करायचात की बघणाऱ्याला वाटावं हा सोपाच आहे. लेव्हल 'शिकणं' म्हणजे ते.

'रेजबाउंड'मध्ये चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागा) एकमेकांच्या जवळ आहेत, तिथे तब्येत भरते, आणि पुन्हा प्रयत्न करायला मर्यादा नाही. तुम्ही ज्या क्रमाचं इतकं कौतुक केलंत (निळा आधी, मग ढालवाला) तो क्रम न पाळताही मी मार खात खात पुढच्या चेकपॉइंटपर्यंत पोचू शकतो. मग लेव्हल रचणाऱ्याने इतक्या कष्टाने बसवलेल्या मात्रा कोण ऐकणार? गेमने खेळाडूकडून अचूकपणा मागितलाच नाही तर बहुतेक जण तो देणार नाहीत आणि 'छान होता, सहा-सात तासांत संपला' म्हणून पुढे जातील. तेच झालंय.

मला निष्कारण छळ नकोय. पण चुकीची काहीतरी किंमत हवी.


कोडलेखक:

जुना_खेळाडू यांच्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, त्या सोडवून बघू.

जुन्या गेममधला जो त्रास सगळ्यांना आठवतो, म्हणजे मारलेला शत्रू पाऊलभर मागे सरकलं की पुन्हा हजर, तो मुख्यतः तेव्हाच्या यंत्राच्या मर्यादेतून आलेला आहे. शत्रू कुठे उगवणार हे पडद्याच्या सरकण्याला बांधलेलं असे. ठरावीक जागा पडद्याच्या कडेला आली की शत्रू उगवायचा. तुम्ही मागे गेलात आणि पुन्हा पुढे आलात की ती जागा पुन्हा कडेला आली, शत्रू पुन्हा उगवला. आधीचा मेला होता याची नोंद ठेवायला स्मृती खर्च होते, आणि एनईएसकडे कामाची स्मृती होती २ किलोबाइट.

स्प्राइटचंही, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांचंही, तसंच. त्या यंत्रावर एका वेळी ६४ स्प्राइट, आणि एका आडव्या रेषेत फक्त ८. त्याहून जास्त झाले की चित्रं लुकलुकायला लागायची. त्यामुळे रचनाकाराला एका वेळी दोन-तीनच शत्रू परवडायचे. मग ते दोन-तीन नेमके कुठे ठेवायचे यावर सगळा जोर. पाखरू यांनी ज्या 'मांडणी'चं कौतुक केलंय तिचा उगम या टंचाईत आहे.

'रेजबाउंड'ला ही टंचाई नाही. तरीही चांगल्या लेव्हलमध्ये त्यांनी स्वतःहून ती पाळलीय: कमी शत्रू, नेमक्या जागी. बिघडतं कुठे? आखाड्यांत आणि शेवटच्या भागात, जिथे पडदा भरून टाकायचा मोह आवरलेला नाही. म्हणजे तुमचे पहिले दोन दोष मुळात एकच आहेत असं मला वाटतं.

चुकीच्या किमतीबद्दल: ती किंमत वेळेत वसूल करायची की श्रेणीत, हा खरा प्रश्न. जुन्या गेमने वेळेत वसूल केली. नव्याने श्रेणीत. लेव्हल संपल्यावर मिळणारी श्रेणी, प्रत्येक लेव्हलची वेगळी आव्हानं, हे सगळं 'नीट खेळ' असंच सांगतात. फक्त ते सक्ती करत नाहीत.

आणखी एक गोष्ट जिच्याबद्दल कमी बोललं जातं. घाव बसला की दोन्ही आकृत्या काही फ्रेम जागच्या जागी थिजतात, त्याला हिटस्टॉप म्हणतात. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. म्हणजे हा थांबा डोळ्यांना दिसण्याआधी हाताला जाणवतो. 'रेजबाउंड'मध्ये साध्या घावाला तो अगदी थोडा आणि हायपरचार्जच्या घावाला ठळक आहे. त्यामुळे तलवारीचं वजन बदललेलं कळतं, आणि तरीही धावण्याची लय तुटत नाही. हे जमवायला चिक्कार घासावं लागतं. मी हौसेने असे छोटे गेम बनवतो, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.


नवखी:

मी जुने निन्जा गायडेन खेळलेले नाहीत, हाच पहिला. मला तो अजिबात सोपा वाटला नाही! पहिले दोन तास तर उडीच्या वेळी दुसऱ्यांदा बटण कधी दाबायचं हेच जमत नव्हतं. एकदा हाताला बसलं आणि मग एका लेव्हलमध्ये जमिनीला पाय न लावता चार राक्षसांवरून पलीकडे गेले, तेव्हा ओरडलेच.

चेकपॉइंट लांब असते तर मी तिसऱ्या लेव्हलला गेम बंद केला असता, हे जुना_खेळाडू यांना आदराने सांगते. मी शिकले ते पुन्हा पुन्हा लगेच प्रयत्न करता आला म्हणून. पंधरा सेकंदांचा तुकडा दहा वेळा केला की तो अंगवळणी पडतोच. पाच मिनिटांचा रस्ता दहा वेळा चालायला लावला तर त्यातली साडेचार मिनिटं मला आधीच येत असलेलं पुन्हा करण्यात जातात.

रंगांबद्दल मात्र पाखरू यांना पूर्ण अनुमोदन. निळं आणि गुलाबी वलय स्फोटांच्या गदारोळात मला ओळखूच येत नव्हतं. ज्यांना रंग ओळखण्याची अडचण आहे त्यांचं काय होत असेल? वलयाला रंगासोबत वेगळा आकार दिला असता तर किती सोपं झालं असतं.


कोडलेखक:

आकाराची सूचना उत्तम आहे. रंग हीच एकमेव खूण कधीही ठेवू नये, हा या क्षेत्रातला जुना आणि योग्य नियम आहे.


सुरावट:

संगीतावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मुख्य संगीतकार सर्हियो दे प्रादो. शिवाय मूळ एनईएस गेमवर काम केलेले केइजी यामागिशी यांचाही यात सहभाग आहे. मला यात आवडलेली गोष्ट ही की संगीत एनईएसच्या आवाजाची नक्कल करत बसत नाही. त्या यंत्राकडे आवाजाच्या पाच वाहिन्या होत्या: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक नमुना-ध्वनीसाठी. सूर दोन पल्सवर, खालचा स्वर ट्रँगलवर, ताल नॉइजवर. एवढ्यात गाणं उभं करायचं म्हणजे प्रत्येक स्वर ठसठशीत हवा, नुसतं वातावरण तयार करून भागत नाही. म्हणूनच त्या काळच्या गेमच्या चाली आजही गुणगुणता येतात.

'रेजबाउंड'ने वाद्यं नवी घेतली, गिटार आणि जोरकस ड्रम, पण ठसठशीत चालीचा तो बाणा ठेवला. पहिल्या काही लेव्हलच्या चाली डोक्यातून जात नाहीत. पुढे पुढे मात्र चाल मागे पडते आणि नुसता जोर उरतो. कोडलेखक म्हणाले की शेवटी पडदा भरून टाकलाय. कानांच्या बाबतीतही तसंच झालंय. स्फोट, किंकाळ्या, गिटार, सगळं एकाच उंचीवर. मोठ्या हल्ल्याआधीची इशाऱ्याची खूण ऐकू येणं अशा गेममध्ये डोळ्यांइतकंच महत्त्वाचं असतं. मी शेवटी संगीताचा आवाज कमी करून खेळले आणि बॉसचे हल्ले सोपे झाले. संगीत आवडत असताना ते कमी करावं लागणं मला लागलं.


निशाचर:

तुलना केल्याशिवाय या धाग्याला पूर्णपणा येणार नाही असं वाटतं. उसळी घेण्याची कल्पना एकट्या 'रेजबाउंड'ची नाही. २०१८ च्या 'द मेसेंजर'मध्ये हवेत एखाद्या गोष्टीवर घाव घातला की आणखी एक उडी मिळायची. पण तिथे घाव आधी, उडी नंतर, म्हणजे दोन बटणं. इथे घाव आणि उडी एकाच दाबात येतात. एक बटण वाचवल्याने केवढा वेग येतो ते दोन्ही लागोपाठ खेळून बघा.

बक्षिसांच्या मुद्द्यावर 'सायबर शॅडो'चं उदाहरण फार बोलकं आहे. जानेवारी २०२१ चा गेम, मुख्यतः एका फिनिश माणसाने बनवलेला, 'शोव्हेल नाइट'वाल्या यॉट क्लबने प्रकाशित केलेला. त्यात शत्रूंकडून मिळणारं चलन खर्च करायचं चेकपॉइंटवरच: या चेकपॉइंटला तब्येत भरण्याची सोय हवी का, की शक्ती भरण्याची, की मदतीचं एखादं हत्यार? चलन मर्यादित असायचं म्हणून प्रत्येक वेळी विचार व्हायचा: 'पुढे बॉस असेल तर?' तोच पैसा, पण खर्च करण्याची जागा आणि वेळ बदलली की त्याला वजन येतं. 'रेजबाउंड'चे भुंगे दोन लेव्हलच्या मधल्या शांत दुकानात खर्च होतात, तिथे कसलीच निकड नसते. माझ्या मते चूक ताईतांच्या ताकदीत नाही, दुकानाच्या जागेत आहे.

'सायबर शॅडो' सगळ्यात सरस आहे असं म्हणत नाही हां. त्याने जुन्या यंत्राच्या मोजक्या बटणांची शिस्त इतकी कडक पाळली की काही चाली दिशेच्या बटणावर लादल्या गेल्या. फेकलेल्या अस्त्राला परतवण्यासाठी त्याच्याकडे दिशा दाबायची, आणि ऐन गर्दीत आपण चालतोय की परतवतोय ते हाताला कळत नाही. एनईएसच्या कंट्रोलरला उडीचं आणि हल्ल्याचं अशी दोनच बटणं होती, म्हणून १९८८ मध्ये निन्जा गायडेनने खास अस्त्र 'वर' आणि हल्ला एकत्र दाबून दिलं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज आहे.

आणि 'शिनोबी: आर्ट ऑफ व्हेंजन्स'. 'रेजबाउंड'नंतर महिन्याभरात, २९ ऑगस्ट २०२५ ला आला. पॅरिसच्या लिझार्डक्यूबने बनवलेला, सेगाचा. तिकडचा नायक 'जो मुसाशी' लांबलचक कॉम्बो (सलग घावांची मालिका) बांधतो, शत्रूला हवेत उचलतो, एका फटक्यात अनेकांचा निकाल लावतो. तिथे बंद आखाडे चालतात, कारण शत्रू म्हणजेच खेळण्याची जागा. 'रेजबाउंड'मध्ये शत्रू हा रस्त्याचा भाग आहे. दोन्ही निन्जांचे गेम, दोन्ही जुन्या मालिका, आणि तरी शत्रूकडे बघण्याची नजर अगदी वेगळी. पाखरू यांचा आखाड्यांचा मुद्दा मला 'शिनोबी' खेळल्यावर जास्त पटला.


बारावा_बॉस:

बॉसवर लिहायचं म्हणालो होतो.

चांगल्या बॉसची माझी कसोटी अशी: त्याने मारलं तेव्हा 'हे कशाने लागलं' हे कळलं पाहिजे. 'रेजबाउंड'चे बहुतेक बॉस या कसोटीला उतरतात. हल्ल्याआधी हालचाल स्वच्छ, हल्ल्यांचे प्रकार मोजके, आणि मधूनच एखादी छोटी वस्तू किंवा शत्रू येतो ज्याच्यावरून हायपरचार्ज मिळतो. लेव्हलमध्ये शिकवलेली गोष्टच बॉसपाशी परीक्षेला येते. हल्ला चुकवण्याऐवजी त्यावरून गिलोटिन बूस्ट घेऊन वर जाता येतं, हे ज्या क्षणी सुचतं तिथून लढाईचा नूर पालटतो.

इथे एक जागा मात्र वाया गेलीय. हायपरचार्ज स्वतःच्या तब्येतीच्या बदल्यातही घेता येतो, हल्ल्याचं बटण दाबून धरायचं. काय सुंदर सौदा आहे! पण बॉसपाशी तब्येत जपावीशी वाटते म्हणून तो कुणी करत नाही, आणि लेव्हलमध्ये चेकपॉइंट इतक्या जवळ की तिथे केला तरी जोखीम वाटत नाही. जिथे हवा तिथे महाग, जिथे नको तिथे फुकट. जुना_खेळाडू यांच्या चेकपॉइंटच्या तक्रारीत मला तथ्य दिसतं ते या ठिकाणी.


पिक्सेलपाखरू:

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद धाग्याहून भारी आहे.

@बारावा_बॉस, तब्येतीच्या सौद्याबद्दल अगदी नेमकं पकडलंत. समजा वापरलेल्या तब्येतीतली थोडी त्या घावाने शत्रू मेला तर परत मिळाली असती. मग बॉसपाशीही हात धजावला असता.

@कोडलेखक, दोन दोष एकच आहेत हे म्हणणं मी उचलतो. त्यात सुरावट यांनी आवाजाचा तिसरा जोडला. शेवटच्या एक-तृतीयांश गेममध्ये 'मोठं वाटलं पाहिजे' या दबावाखाली रचना विस्कटते. कथा मोठी होते, राक्षस मोठे होतात, आणि त्याबरोबर लेव्हल लांबतात. पण केन्जीची उडी पहिल्या तासात होती तेवढीच आहे. तिला नवी आव्हानं द्यायची तर नव्या जागा हव्यात. जास्त शत्रू दिल्याने ते होत नाही.

@जुना_खेळाडू, तुमच्यासाठी दोन गोष्टी. अवघड स्तर खेळलात का? गेम एकदा पूर्ण केल्यावर तो खुला होतो. तिथे नुसता मार वाढवलेला नाही, शत्रूंची मांडणी बदललीय. ओळखीच्या जागी अनोळखी शत्रू येतो आणि सवयीने मारलेली उडी महागात पडते. दुसरं, ताईतांपैकी काही उलट दिशेचे आहेत. ते लावले की गेम कठीण होतो आणि बदल्यात श्रेणी वाढते. मला वाटतं हा संपूर्ण गेममधला सर्वांत चांगला ताईतप्रकार आहे, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण तो निरुपयोगी ताईतांच्या गर्दीत मांडलाय.

कुमोरीच्या तुकड्यांबद्दल आता लिहितो. केन्जी वेदीपाशी थांबतो, कुमोरी राक्षसी दुनियेत उतरते आणि वेळ संपायच्या आत वाट शोधून परत यायचं. तिच्या कुनाईला लांबचा पल्ला आहे, शिवाय ती काही ठिकाणी क्षणात एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकते. कल्पना छान आहे, आणि कोडं सोडवल्याचा आनंद देते. पण हे तुकडे फार छोटे आहेत. तिची चाल हाताला बसते न बसते तोच आपण परत केन्जीच्या अंगात. दोन नायक असलेल्या गेममध्ये एकीला पाहुणीसारखं वागवलंय. तिला एखाददुसरी पूर्ण लांबीची लेव्हल एकटीने मिळण्याऐवजी गेमभर मिळायला हवी होती.


सुरावट:

कुमोरीबद्दल +१. दोघांची एकमेकांवर आधी असलेली नाराजी आणि मग हळूहळू जुळत जाणं हे संवादांतून बरं उतरलंय. तेच खेळण्यातूनही उतरलं असतं, तिला जागा दिली असती तर.


जुना_खेळाडू:

अवघड स्तरावर चार लेव्हल खेळून आलो. पहिल्या फेरीत तो बंद ठेवण्याचं कारण काय हे मला अजूनही समजत नाही. माझ्यासारख्याला हवा असलेला गेम आत तयार होता, आणि तो मिळवण्यासाठी मला आधी नको असलेला गेम संपवावा लागला. कित्येकांनी तिथवर जाण्याआधीच 'सोपा आहे' म्हणून सोडला असेल. निवड पहिल्या पडद्यावर द्या ना. नवखी यांना जवळचे चेकपॉइंट मिळोत, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांचं पंधरा सेकंदांच्या तुकड्याचं म्हणणं शिकण्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण तुकडे जोडून अख्खी लेव्हल एका दमात खेळणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते फक्त लांब पल्ल्यातच येतं.

अवघड स्तरावरचा बदललेला खड्डा-राक्षसांचा पट्टा पाहिला. तिथे उसळी घेताना मध्येच एकाचं वलय गुलाबी. हवेत असतानाच कुनाई फेकायची, चार्ज घ्यायचा, उतरता उतरता ढालवाल्याला कापायचं. असं अख्ख्या गेमभर हवं होतं.


निशाचर:

तो पट्टा मलाही आवडला. एक सांगतो, तिथे घाई केली तर जमत नाही. दुसऱ्या राक्षसावर किंचित उशिरा दाबा म्हणजे उसळी खालून मिळते आणि गुलाबीवाला बरोबर समोर येतो.


नवखी:

मी अजून साध्या स्तराच्या शेवटच्या भागात आहे. दोन प्रश्न: सहाय्यक पर्याय लावून पुढे गेलं तर काही हुकतं का? आणि यानंतर 'शिनोबी' घेऊ की 'सायबर शॅडो'?


पिक्सेलपाखरू:

सहाय्यक पर्याय बिनधास्त लावा, पण सगळे एकदम नको. आधी लागणारा मार कमी करा आणि तेवढ्यावर खेळून बघा. उडीची वेळ, शत्रूंची मांडणी, वलयांचा क्रम हे सगळं तसंच राहतं, फक्त चूक पचते. आखाड्यांत अडकत असाल तर रेजबाउंड कला (राखून वापरायचा खास मोठा हल्ला) राखून ठेवा आणि तिथेच वापरा. धावत्या भागात ती वाया जाते.

यानंतर 'शिनोबी' घ्या. तुमच्या हाताला आता हवेत टिकून राहायची सवय झालीय, तिथे ती कॉम्बोमध्ये कामाला येईल. 'सायबर शॅडो' त्यानंतर. तो जमिनीवर अंतर मोजायला लावतो, आणि त्याचे सुरुवातीचे दोन-तीन भाग हातात फारशा चाली नसल्यामुळे रुक्ष वाटतात. तेवढे पार केलेत की पुढे चालींची भर पडत जाते.


नवखी:

ठीक, मार कमी करून आज पुन्हा बसते. त्या लाल लेव्हलमध्येच अडकलेय, संगीताचा आवाजही सुरावट म्हणाल्या तसा खाली आणून बघते.